खोटं वजन

नोतोच्या किनाऱ्यावर आमचं दुकान.
सुकी मासळी, समुद्रशेवाळ, थोडं मीठ.
मी नऊ वर्षांची असताना
काळ्या कोटातला एक माणूस आला,
वजनमाप खात्याचा, आडनाव उराबे.
त्याने बाबांचं पितळी वजन उचललं,
उलटं केलं,
बुडाशी नखाने खरवडलं.
आतून मेण निघालं.

दंड झाला. वजन जप्त.
गावात बायका विहिरीवर हळू बोलायच्या,
मला बघून आणखी हळू.
बाबा, बुनझो त्यांचं नाव,
त्या हिवाळ्यात एकदाही मोठ्याने हसले नाहीत.
मापात पाप होतं, मी नाकारत नाही.
पण घरात तेव्हा सहा तोंडं होती.

मग बारा वर्षांनी, शरद संपता संपता,
दारात घंटी.
गवताची टोपी, तिला बोटभर भोक,
हातात लोखंडी वाडगा,
पाय असे की कुत्र्यानेही वास घेऊन मागे सरावं.
सूत्र म्हणत होता, मध्येच खोकत होता.
बाबांनी आवाजावरून ओळखलं.
मी हातांवरून. नखं आता काळी होती.

कोणी काही बोललं नाही.
बाबांनी तराजू काढला,
सुका माकूळ तोलला,
काटा अगदी मधोमध आला,
तरी वर एक टाकला.
भिक्षूला कधी कोणी तोलून देतं का?
त्याने वाकून घेतलं.
बांबूच्या ज्या सालीत बांधून दिलं होतं
तिच्याच कडेवर कोळशाने लिहून
साल उंबऱ्यावर ठेवून गेला:

    *काटा स्थिर.*
    *पारड्यात माशी येऊन*
    *पाय चोळते*

आई म्हणाली, याला कविता म्हणतात?
आणि तिने चूल पेटवली.

त्यानंतर दरवर्षी यायचा.
आता नाव इत्तेकी, म्हणजे एक थेंब.
मठात तीन वर्षं टिकला, म्हणे,
गुरूंनीच हाकललं: तुझं बूड बसायचं नाही, जा, चाल.
खोटंही बोलायचा, बरं का.
उद्या ऊन पडेल म्हणायचा, पडायचा बर्फ.
उधारीवर तंबाखू न्यायचा.
एकदा शेतात उपटून टाकलेले मुळे बघून रडला,
का ते विचारलं तर म्हणाला, इतके पांढरे.

    *वाट विचारली.*
    *मुळा उपटणाऱ्याने*
    *मुळ्यानेच दाखवली*

ही मला आवडते. हिच्यात कोणी शहाणं नाही.

किती लिहिल्या असतील, देव जाणे.
निम्म्या आईच्या चुलीत गेल्या,
काही माशांबरोबर गिऱ्हाइकांकडे.
माझ्याकडे अकरा साली आहेत,
दोन उंदरांनी कुरतडलेल्या,
तिथे ओळ तुटते, आणि खरं सांगू,
तुटते तिथेच बरी वाटते.

बाबा गेले त्या वर्षी तो उशिरा आला.
तराजूसमोर बसला, सूत्र म्हटलंच नाही.
चहा निवला. मग म्हणाला,
मासे सुकलेत चांगले.
एवढंच.

पुढच्या माघात एका होडीच्या छपराखाली
कोळी लोकांना तो सापडला.
टोपी तोंडावर, जणू ऊन लागत होतं.
झोळी आमच्याकडे आणली,
दुसरं कुणाचं दार त्यांना सुचलं नाही.
सुई, दोरा, मोज्याची एक जोडी,
तंबाखूची रिकामी पुडी,
आणि तळाशी, चिंधीत गुंडाळलेलं,
आमचं पितळी वजन.

सरकारजमा व्हायला हवं होतं ते.
इतकी वर्षं खांद्यावर वाहिलं,
घाट चढला, नद्या ओलांडल्या.
बुडाशी पोकळी तशीच, मेण कधीच गळालेलं.
चिंधीवर शाई पसरलेली, तरी लागतं:

    *खोटं वजन.*
    *तरी झोळीचा पट्टा*
    *खांद्यात रुततो*

मी आता सत्त्याहत्तर वर्षांची.
वजन अजून दुकानात आहे.
तोलायला वापरत नाही.
वारा सुटला की
बांबूच्या साली उडू नयेत म्हणून
वर ठेवते.
हलकं आहे, कधी कधी
एखादी उडतेच.